गाडीतली मंगलाष्टकं

गेल्या कार्तिकातला शेवटचा रविवार, सकाळची वेळ. रक्कम साडेसहा हजार रुपये. हजर माणसं चार: मी, माझी बायको, तिचा भाऊ आणि मांडववाला. मुलीचं लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं आणि आम्ही आमच्या बैठकीत मांडववाल्याचा हिशेब बघत होतो.

मांडववाल्याचं म्हणणं सरळ होतं. त्याच्या पॅकेजमध्ये साउंड धरलेला होता, पण तो संध्याकाळच्या रिसेप्शनचा. झाशीत लग्नं रात्री लागतात. आमचं लग्न दिवसा, अकरा बेचाळीसच्या मुहूर्तावर, हे त्याला पहिल्यापासूनच पटलेलं नव्हतं. "भाईसाहब, आप लोगों की शादी में न बैंड, न बरात, न रात. अब दिन का साउंड तो दिन का ही लगेगा न," असं म्हणून त्यानं एक माइक, दोन स्पीकर आणि एक माणूस यांचे साडेसहा हजार कागदावर मांडले.

मी ती ओळ खोडली. कारखान्याच्या हिशेब खात्यात माझी सगळी नोकरी गेली आहे, आणि दीड तासाच्या विधीसाठी साडेसहा हजार ही रक्कम कुठल्याही बाजूनं बघितली तरी मला बसवता येईना. मेहुण्यानं तोडगा काढला. माझी गाडी दोन वर्षांची होती आणि तिचा स्टिरिओ चांगला होता. गाडी मांडवाच्या दोरीला लावायची, चारही दारं आणि मागची डिकी उघडायची, आणि फोनमधली सनई ब्लूटूथवरून तिच्यावर लावायची. "माइक काय करायचाय, भाऊजी? दीडशे माणसं. तुमची गाडी पुरते," तो म्हणाला. मांडववाला हसला आणि त्यानं कागद घडी करून खिशात टाकला.

त्याच संध्याकाळी कॉलनीच्या मोकळ्या मैदानात मी प्रयोग केला. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला बाकावर बसलेल्या शेजाऱ्यांना सनईचा सूर स्वच्छ ऐकू गेला. मी खूश होतो. मला वाटतं, तिथंच थांबलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती.

मी झाशीचा नाही. नोकरीसाठी इथे आलो, आणि बायको इथल्या जुन्या मराठी घरातली मिळाली. तिच्या माहेरचे लोक पिढ्यान्‌पिढ्या इथले. त्यांचं मराठी जुनं आहे आणि त्यात हिंदी मिसळलेलं आहे. त्या घरांमध्ये लग्न असलं की मंगलाष्टकं एकच माणूस म्हणायचा. तो माझ्या सासऱ्यांचा चुलतभाऊ. सगळे त्यांना काका म्हणतात, मीही काका म्हणतो. पोस्टातून निवृत्त झालेले, वय आता ऐंशीच्या पुढे, बडा बाजारातल्या एका गल्लीत मुलाकडे राहतात. माझ्या स्वतःच्या लग्नातही त्यांनीच म्हटली होती.

त्यांची एक पद्धत होती. लग्नाआधी मुलीच्या आईनं त्यांच्याकडे सुपारी घेऊन जायचं. मग ते घरी येऊन दोन्हीकडच्या आजी-आजोबांची नावं, मूळ गाव, मुलामुलीचं शिक्षण विचारून घ्यायचे. पहिली चार कडवी नेहमीची. पाचवं कडवं ते त्या लग्नापुरतं नवं रचायचे आणि त्यात ही सगळी नावं बसवायचे. झाशीच्या मराठी घरांत पाचव्या कडव्यात नाव आलं की लग्न खरं लागलं, असं मानतात. आमच्या मुलीसाठीही बायको सुपारी देऊन आली होती, आणि काका येऊन आमच्याकडून नावं लिहून घेऊन गेले होते. जाताना चपला घालता घालता म्हणाले की आता आमंत्रणं येत नाहीत, लोक सीडी लावतात, पण ही नात आहे, हिचं तर म्हणणारच.

मला माझी चूक इथे नीट मांडली पाहिजे, कारण ती बचतीच्या आड लपण्यासारखी आहे.

मुलगा पुण्याचा. साखरपुड्यानंतर विहीणबाईंचा फोन आला होता. मंगलाष्टकं म्हणायला तुमच्याकडे चांगलं कुणी आहे का, नसेल तर आमच्या जाऊबाई म्हणतील, त्या गाणं शिकलेल्या आहेत, असं त्यांनी विचारलं. विचारण्यात वावगं काही नव्हतं. पण मला ते लागलं. आम्ही उत्तर प्रदेशात राहतो म्हणून आमच्याकडे काही नसेल असं ह्यांना वाटतंय, असं मी मनाशी धरलं. मी म्हणालो, आमच्याकडे काका आहेत, त्यांचा गळा ऐकाल तर थक्क व्हाल. आणि फोन ठेवल्यावर त्यांना एक रेकॉर्डिंग पाठवून दिलं.

ते रेकॉर्डिंग मेहुण्याच्या मुलीच्या लग्नातलं होतं, नऊ वर्षांपूर्वीचं. मीच माझ्या तेव्हाच्या फोनवर केलेलं. त्यानंतर मी दोनदा फोन बदलला, पण ती फाइल दरवेळी सांभाळून नव्या फोनमध्ये घेतली. त्यात काकांचा आवाज खणखणीत आहे. वरचा सूर लावतात तेव्हा मागची कुजबुज थांबलेली रेकॉर्डिंगमध्येही कळते. पुण्याहून लगेच उत्तर आलं: वा, हेच असू देत.

आता तो आवाज राहिला नव्हता, हे मला माहीत होतं. गेल्या वैशाखात एका लग्नात काकांनी तिसरं कडवं दोनदा म्हटलं. मध्येच थांबले, कवळी सावरली, पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. लोकांनी हातातल्या अक्षता एकमेकांवर टाकून गंमत केली. मी त्या गर्दीत होतो. मी पुणेकरांना नऊ वर्षांपूर्वीचा माणूस दाखवला होता आणि माझ्याकडे आजचा माणूस होता. म्हणून मी ठरवलं की गाडीवर सनई लागणारच आहे, तर तिच्यावरच त्या रेकॉर्डिंगमधली पहिली चार कडवी लावायची. चौथं संपलं की थांबवायचं, कारण पाचव्यात मेहुण्याच्या मुलीची आणि जावयाची नावं होती. आवाज काकांचाच, तेव्हा काकांचा मानही राहतो, असं मी स्वतःला समजावलं. बायकोला सांगितलं की आधी थोडं रेकॉर्डिंग लागेल आणि मग काका म्हणतील. काकांना काहीच सांगितलं नाही.

लग्न बिजौलीच्या रस्त्यावरच्या एका गार्डनमध्ये होतं. सकाळपासून सनई उत्तम चालली. मी फोन फ्लाइट मोडवर टाकून फक्त ब्लूटूथ चालू ठेवलं होतं, म्हणजे मध्येच कुणाचा फोन यायला नको. बॅटरी उतरू नये म्हणून मेहुणा अधूनमधून जाऊन इंजिन चालू करून यायचा. पुणेकर मंडळींनी आवाजाचं कौतुकही केलं. एकानं विचारलं की स्पीकर कुठे लपवलेत, आणि मी गाडीकडे बोट दाखवलं तेव्हा मला बरंच वाटलं.

काका साडेदहाला आले. धुतलेलं धोतर, वर बंडी आणि कोट, आणि हातात घडी केलेला कागद. कॅलेंडरचं पान होतं, मागच्या कोऱ्या बाजूवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं. मी त्यांना पुढच्या रांगेत बसवलं आणि म्हणालो की आज आवाजाची सोय केली आहे. ते समजले की माइक आहे. "बरं झालं," म्हणाले, "आता गळा तेवढा पोचत नाही." मी त्यांना दुरुस्त केलं नाही. मी हो म्हणालो.

अंतरपाट धरला गेला. मेहुणा मामा म्हणून मुलीच्या मागे उभा राहिला. गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. मी काकांच्या खुर्चीशेजारी फोन घेऊन उभा होतो, कारण तिथून गाडी जवळ होती. मी सनई बंद केली आणि ती फाइल लावली.

काका उठायच्या बेतात होते. एक हात खुर्चीच्या दांडीवर, दुसऱ्यात कागद. गाडीच्या चारही दारांतून पहिलं कडवं सुरू झालं आणि ते परत खाली बसले. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. पहिलं कडवं झालं, लोकांनी अक्षता टाकल्या. दुसरं झालं. तिसऱ्याच्या वरच्या सुराला पुढच्या रांगेतल्या बायका एकमेकींकडे बघून मान हलवू लागल्या. तेवढ्यात काकांनी माझा कुर्ता ओढला. मी खाली वाकलो.

"जावईबापू," ते माझ्या कानाशी म्हणाले, "कोण म्हणतोय हो हा? बढिया गळा आहे. आपल्याकडच्यासारखंच म्हणतो."

त्यांनी आपला आवाज कधी बाहेरून ऐकलेलाच नव्हता. ते खरोखर कौतुक करत होते. कागद मांडीवर ठेवून, डोळे मिटून, त्या कुणा दुसऱ्या माणसाच्या गळ्याला दाद देत होते.

मी वाकलेलाच राहिलो, आणि चौथं कडवं कधी संपलं ते मला कळलं नाही. फोन माझ्या हातात होता, अंगठा बटणावर होता, आणि तरीही पाचवं सुरू झालं. दीडशे माणसांसमोर, माझ्या मुलीच्या लग्नात, गाडीच्या स्टिरिओवरून मेहुण्याच्या जावयाचं नाव आणि गाव मोठ्यानं दुमदुमलं. तो जावई तिसऱ्या रांगेत बसला होता. त्यानं हात वर केला आणि म्हणाला, "हजर आहे. पण माझं एकदा झालंय."

मांडव हसून फुटला. अंतरपाटामागून मुलगी म्हणाली, "बाबा, बंद करा ना." मी बंद केलं.

मग विहीणबाई बोलल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, फक्त गोंधळ होता. "हे तर तुम्ही पाठवलेलंच आहे की हो. आम्हाला वाटलं, ते आज म्हणणार आहेत."

काका डोळे उघडून गाडीकडे बघत होते. पाचवं कडवं त्यांनी स्वतः रचलेलं, त्यामुळे त्याची पहिली ओळ ऐकूनच त्यांना कळलं होतं. त्यांनी गाडीकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या फोनकडे, मग आपल्या मांडीवरच्या कागदाकडे. गुरुजी म्हणाले की मुहूर्ताला अजून चार मिनिटं आहेत, आणखी कुणाला म्हणायचं असेल तर म्हणा. सगळे काकांकडे बघू लागले. मी खाली बसलो आणि त्यांना म्हणालो, "काका, तुम्ही म्हणा."

"माझं म्हणून झालं की, जावईबापू," ते म्हणाले. "सगळ्यांनी ऐकलं."

मी पुन्हा विनवलं. त्यांनी मान हलवली. मग कागद माझ्यापुढे धरला. "ह्यात मुलीचं नाव आहे. ते राहायला नको. तुम्ही वाचा."

मी गात नाही. शाळेतल्या प्रार्थनेनंतर मी कधी चारचौघांत सूर लावलेला नाही. मी उभा राहिलो आणि ते कडवं वाचलं. माझ्या आई-वडिलांची नावं, सासू-सासऱ्यांची नावं, पुण्याच्या आजी-आजोबांची नावं, मुलीचं आणि मुलाचं नाव, सगळं काकांनी वृत्तात बसवलं होतं आणि मी ते ऑफिसातल्या टिपणासारखं सपाट वाचत गेलो. एका ठिकाणी ओळ मोडली, तिथे परत मागे गेलो. पुण्याच्या जाऊबाई पदराआडून हसत होत्या, ते मला दिसलं. शेवटी 'सावधान' कुठे म्हणायचं ते मला कळेना, कारण कागदावर ते लिहिलेलं नव्हतं. मी थांबलो. खुर्चीतून काकांनीच ते म्हटलं, बारीक, कापऱ्या आवाजात. लोकांनी अक्षता टाकल्या. अंतरपाट निघाला.

पुढचं सगळं ठीक झालं. काका पंगतीत व्यवस्थित जेवले, श्रीखंड दोनदा घेतलं, पुण्याच्या आजोबांशी पोस्टातल्या जुन्या गोष्टी बोलले. मी त्यांच्यासाठी पाचशे एकचं पाकीट आणि नारळ ठेवला होता. मंगलाष्टकं म्हणणाऱ्याला मुलीच्या बापानं जेवणाआधी हे द्यायचं असतं. ते पाकीट दिवसभर माझ्या खिशात राहिलं. काका निघाले तेव्हा मी मांडववाल्याशी काहीतरी बोलत असल्यासारखं केलं.

मुलगी पुण्याला गेल्यावर, घर आवरताना बायको म्हणाली, "सुपारी मी देऊन आले होते." एवढंच. त्यानंतर चार-पाच दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलत होती. मग एका सकाळी तिनं तो नारळ टेबलावर काढून ठेवला आणि आपल्या कामाला निघून गेली.

मी पाकिटातली रक्कम वाढवून एक हजार एक केली आणि दुपारी बडा बाजारात गेलो. गल्लीत गाडी जात नाही, म्हणून तोंडाशी एका बंद दुकानापुढे लावली. काका ओट्यावर उन्हात बसले होते. मी नारळ त्यांच्या हातात दिला आणि चुकलं म्हणालो. त्यांनी नारळ कानाशी हलवून पाणी आहे का ते बघितलं आणि बाजूला ठेवला. मग विचारलं, ते गाणं फोनमध्ये अजून आहे का. आहे म्हणालो.

"ऐकू द्या मग एकदा. त्या दिवशी नीट ऐकलं नाही. मला वाटलं, दुसरंच कुणी आहे."

मी फोनवर लावायला लागलो तर म्हणाले, नको, त्यात डबड्यासारखं वाजतं, गाडीतच ऐकू. काठी घेऊन ते माझ्याबरोबर गल्लीच्या तोंडापर्यंत चालत आले. मी त्यांना पुढच्या सीटवर बसवलं आणि काचा वर केल्या, कारण बाहेर ई-रिक्षांचा गोंगाट होता. फोन जोडला गेला तेव्हा स्टिरिओतली बाई इंग्रजीत काहीतरी बोलली.

"ही कोण? ही पण म्हणते का मंगलाष्टकं?"

मी हसलो. त्या दिवसानंतर पहिल्यांदा हसलो असेन.

त्यांनी पाचही कडवी ऐकली. डोळे उघडे ठेवून, स्टिरिओच्या पडद्याकडे बघत, तिथे कुणी बसलेलं असावं तसं. दुसऱ्या कडव्यात एका जागी चुकचुकले, म्हणाले की इथे श्वास घ्यायला नको होता. पाचव्यात बोटांनी गुडघ्यावर ताल धरला. संपल्यावर मागे टेकले.

"तेव्हा दात माझे होते," ते म्हणाले.

मग त्यांनी मला विचारलं. आवाज अगदी साधा होता, वेळ विचारावी तसा. "एक सांगा, जावईबापू. मला का नाही म्हणू दिलं?"

हे विचारलं जाणार म्हणून मी तयारी करून गेलो होतो. खरं सांगायचं ठरवलं होतं: विहीणबाईंचा फोन, माझी फुशारकी, वैशाखातलं ते तिसरं कडवं. तोंड उघडलं तेव्हा मी मांडववाल्याच्या साडेसहा हजारांबद्दल बोलू लागलो. दिवसाचा साउंड वेगळा, त्याची रक्कम अवाच्या सवा, माइक नव्हता, तुमचा आवाज मागच्या रांगांपर्यंत पोचला नसता, म्हणून हा उपाय केला. प्रत्येक आकडा खरा होता. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या हिशेबात हेच शोधून काढत आलो आहे: सगळे आकडे खरे आणि विवरण खोटं.

काकांनी ते पूर्ण ऐकून घेतलं. चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालं. "साडेसहा हजार? एका माइकचे?" ते म्हणाले. "लूट आहे ही. बरोबर केलंत तुम्ही. मला आधी बोलला असतात तर मी स्वतःच म्हणालो असतो की हेच लावा. मी मनात भलतंच घेऊन बसलो होतो."

भलतंच काय, ते मी विचारलं नाही. त्यांनी जे मनात घेतलं होतं तेच बरोबर होतं, हे त्यांना सांगायची ती शेवटची संधी होती आणि ती मी जाऊ दिली. मी घाईनं पाकीट काढून त्यांच्यापुढे केलं.

त्यांनी उघडून बघितलं आणि परत माझ्या हातात ठेवलं. हे जे आत्ता वाजलं त्याची दक्षिणा तुमच्या मेहुण्यानं त्याच वेळी दिली होती, म्हणाले, एका म्हणण्याचे पैसे मी दोनदा घेत नाही. मी म्हणालो, पाचवं कडवं तर नवं रचलंत ना. त्यावर म्हणाले की रचण्याचे ते कधीच घेत नाहीत, म्हणण्याचेच घेतात, आणि त्या दिवशी म्हटलं ते तर तुम्ही, असंही म्हणाले.

"पण मुलीच्या बापानं म्हटलेलं मी ह्या झाशीत पहिल्यांदा ऐकलं," ते म्हणाले, आणि कोटाच्या आतल्या बंडीच्या खिशातून विसाची नोट आणि रुपयाचं नाणं काढलं. "म्हणणाऱ्याला दिलं पाहिजे. नाही म्हणू नका, दक्षिणेला नाही म्हणत नाहीत."

मी त्यांच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला. असता तर मला सोपं गेलं असतं. तिथे टोमणा नव्हता. साडेसहा हजारांची गोष्ट खरी मानून, मनातलं ओझं उतरवून, त्यांनी ते मला दिले.

एकवीस रुपये. देणारे काका, घेणारा मी.